सक्करचा पूल आणि कराचीची आपली माणसे

सिंधू नदीवर सक्कर आणि रोहरी या दोन गावांना जोडणारा लॅन्सडाउन पूल आजही उभा आहे. कराचीत राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी तो पाहिला असेल.

कराची ते कोटरी रेल्वे 1861 साली सुरू झाली. 1879 मध्ये रूळ सक्करपर्यंत पोचले, पण पुढे नदी आडवी आली. आगबोटीवर एका वेळी आठ वाघिणी चढवून पलीकडे न्याव्या लागत. पंजाबचा गहू कराची बंदरात लवकर पोचायचा तर पूल हवाच होता.

नदीच्या मध्यावर बक्कर बेट आहे. बेटापासून सक्करपर्यंतचा प्रवाह ओलांडणे त्यामानाने सोपे होते. रोहरीकडचा प्रवाह मात्र खोल आणि जोराचा, त्यात खांब उभारणे कठीण. म्हणून अलेक्झांडर रेंडेल यांनी दोन्ही बाजूंनी 310 फुटांचे पोलादी हात पुढे काढून मध्ये 200 फुटांचा भाग टांगण्याची योजना केली. असा 820 फुटांचा पूल प्रवाहात एकही खांब न रोवता झाला. सुटे भाग लंडनहून जहाजाने आले.

25 मार्च 1889 रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी पुलाचे उद्घाटन केले. दरवाजाचे नक्षीदार कुलूप लॉकवुड किपलिंग यांनी आखले होते. पूर्वी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवीत. पुलावरून आगगाडीही जाई आणि बैलगाड्याही. गाडी येण्याच्या वेळी रस्त्याची रहदारी थांबवत.

उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर का, असे कोणी विचारील. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. 1936 पर्यंत मुंबईहून कराचीला जाणे म्हणजे इलाख्यातल्या इलाख्यात जाणे होते. म्हणूनच सरकारी कचेऱ्या, पलटण आणि रेल्वे यांच्या नोकरीसाठी आपली माणसे तिकडे गेली, घरे केली. पुलानंतर चारच वर्षांनी, 1893 साली, कराचीत मागेन शालोम सिनेगॉग उभे राहिले.

फाळणीनंतर ती वस्ती पांगली. कोणी मुंबईला परतले, कोणी इस्रायलला आले. 1962 मध्ये शेजारी अयूब पूल झाला आणि रेल्वे त्यावरून जाऊ लागली. जुना पूल रस्त्यासाठी राहिला. मागेन शालोम 1988 साली पाडले गेले.

आमच्या नातवंडांना वाटते की आपण कोकणातून मुंबईला आणि मुंबईतून थेट इथे आलो. कराचीचे नाव त्यांच्या कानावर पडलेले नसते. आपल्यापैकी कोणाच्या कपाटात वडिलांचा रेल्वेचा जुना दाखला, बदलीचा हुकूम किंवा कराचीतल्या लग्नाचा फोटो असेल, तर त्यामागे नावे आणि साल लिहून ठेवावे. मराठीत लिहावे आणि मुलांकडून हिब्रूतही लिहून घ्यावे. पुलाची माहिती ग्रंथांत सापडेल, पण फोटोतल्या माणसांची नावे आपल्याशिवाय कोणी सांगणार नाही.