अविभक्त हिस्सा

शेंदूरजनाघाटसारख्या संत्र्याच्या गावी मुंबईतल्या सत्तर मजली इमारतीच्या घराविषयी बोलावयाचे, याचे श्रोत्यांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. येथे घर म्हणजे भिंत आपली, अंगण आपले, आणि धुऱ्यावरून भांडण झालेच तर तेही आपले. लोअर परळला किंवा वरळीला कोट्यवधी रुपये मोजून जी आलिशान सदनिका घेतली जाते तिला खाली जमीन नाही आणि वर आकाश नाही. खाली दुसऱ्याचे छत, वर दुसऱ्याची फरशी. मग घेणारा विकत घेतो तरी काय? या प्रश्नाचा इतिहास आम्हांस आज सांगावयाचा आहे. त्यात वऱ्हाडचा संबंध येतो, आणि तो आम्ही ओढूनताणून आणलेला नाही.

प्रथम कायद्याचे पाहू. एका इमारतीत अनेकांनी मिळून मालकीने राहावयाची रीत मुंबईत सहकारातून आली. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 सालची. तेथे इमारत संस्थेच्या मालकीची, सभासदाला राहण्याचा हक्क. पुढे इमारती बांधणारे लोक सुटी घरे विकू लागले, फसवणुकी वाढल्या, म्हणून 1963 साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. त्यानंतर 1970 साली अपार्टमेंट मालकीचा स्वतंत्र कायदा झाला. परदेशात ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात ती व्यवस्था ती हीच. सदनिका ज्याची त्याची; जमीन, जिना, गच्ची, लिफ्ट यांत मात्र प्रत्येकाचा ‘अविभक्त हिस्सा’.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याचे कारण नाही. चार भावांच्या वाटण्या झाल्या, वावरे वेगळी झाली, तरी विहीर सामाईक राहते. सातबाऱ्यावर तिच्यात चौघांचा हिस्सा असतो, ओलिताची पाळी ठरलेली असते, आणि विहीर फोडून आपली चौथाई कोणी घरी नेत नाही. मुंबईतील श्रीमंतांच्या घराचा कायदा हा या सामाईक विहिरीचाच कायदा होय. आता या विहिरीला पाणी कोणाच्या कष्टाने लागले, ते पाहू.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. पुढच्याच वर्षी, 1854 साली, कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि 1856 साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. उमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या व्यापारी आपल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणू लागला. खामगावला, अमरावतीला रेल्वेचे फाटे आले ते कापसासाठी. मूर्तिजापूरहून अचलपूर-यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, तीही त्यासाठीच. वऱ्हाडाने कापूस पाठविला. कोकणाने आणि सातारा-कोल्हापूरकडच्या घाटाने माणसे पाठविली.

ती माणसे राहिली कोठे? 1920 नंतरच्या काही वर्षांत सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. 207 चाळी, आणि खोली 160 चौरस फुटांची. त्या खोलीत एक कुटुंब, शिवाय गावाकडचे दोघे-चौघे पाहुणे. गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा परळ-वरळी हा शहराचा कडेचा भाग होता, म्हणून ऐसपैस जागा मिळाल्या. काही तर स्वस्त भाड्याच्या दीर्घ पट्ट्याने. त्या ओसाडीची वस्ती झाली ती भोंग्यावर उठणाऱ्यांमुळे. खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, बाजार हे सारे त्यांनी उभे केले. जमीन महाग झाली ती अशी.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. संपाने गिरण्या बुडविल्या असे म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्त कापड काढीत होते, आणि गिरणीतला नफा पुष्कळ ठिकाणी गिरणीत राहत नव्हता. मात्र संघटनेच्या कामात आयुष्य गेले म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. संपाचे हत्यार म्हणजे उत्पादन थांबविणे. ज्या मालकाला कापडापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक देणार आहे, त्याला उत्पादन थांबल्याचे दुःख किती होणार? त्या दिवशी हे हत्यार बोथट झाले, आणि चळवळीला हे उमगावयास फार वेळ लागला.

1991 साली शहराच्या विकास नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करावयाची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, उरलेली मालकाला. गिरण्यांची एकंदर जमीन सुमारे 600 एकर. वाटा लहान नव्हता. 1996 साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सर्व जमिनींचा एकत्र आराखडा मांडला, तो कागदावरच राहिला. 2001 साली नियम बदलला: वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, इमारतींखालची सोडून जी मोकळी असेल तेवढ्याचीच. वावराची वाटणी ठरली, आणि मोठा भाऊ म्हणाला, ‘उभ्या पिकाखालची जमीन माझी, धुऱ्याकडची पडीत तेवढी तिघांत वाटू’. तसलाच हा प्रकार. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

पुढचे वेगाने झाले. 2005 साली सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिलची जागा 702 कोटींना विकली गेली. 2012 साली तीच जागा सुमारे 2,700 कोटींना पुन्हा विकली गेली. मधल्या सात वर्षांत तेथे सुताचा एक धागा निघाला नाही. श्रीनिवास मिलच्या जागी सुमारे 280 मीटर उंचीचा ‘वर्ल्ड वन’ मनोरा उभा राहिला.

महामंडळाने जमिनीच्या पैशातून काही गिरण्या नव्या केल्या. परळच्या फिनले मिलचे नाव आपल्या अचलपूरच्या गिरणीला मिळाले. मुंबईला गेलेल्या कापसाचे काही तरी परत आले, असे क्षणभर वाटले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ही गिरणीही थांबली, आणि तिच्या कामगारांना ती पुन्हा सुरू करा म्हणून रस्त्यावर यावे लागले.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांच्या वर अर्ज आले. जून 2012 च्या सोडतीत 6,925 घरे निघाली, 225 चौरस फुटांची. आलिशान इमारतीच्या दस्तात प्रत्येक सदनिकेचा अविभक्त हिस्सा टक्केवारीत, दशांश चिन्हासकट, लिहिलेला असतो. सोडतीसाठी येणाऱ्या वारसाला मात्र, 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर आपला बाप गिरणीच्या पटावर होता, एवढे सिद्ध करावे लागते. आणि त्यासाठी तो ट्रंकेतून जुने पगारपत्रक, विम्याचे कार्ड, हजेरीचे तिकीट शोधून आणतो.