रतनपूरची गादी आणि नागपूरचा हुकूम

तेराव्या शतकात मंगोलांनी उत्तर चीन जिंकला, तेव्हा शेते मोडून तेथे घोड्यांसाठी कुरणे करावीत, असा विचार खान ओगदेईच्या दरबारात मांडला गेला. येलू चुत्साई या मंत्र्याने तो खोडून काढला. शेतकरी जगला तर दरवर्षी कर मिळेल, हे त्याने खानास पटविले. जिंकलेल्या प्रजेचे करायचे काय, हा प्रश्न पुढे छत्तीसगडात मराठ्यांपुढेही उभा राहिला.

१७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूर घेतले. शतकानुशतके चालत आलेल्या हैहय राज्याचा कणा तेथेच मोडला. शिवनाथेच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा गड, त्यांखाली गावोगावचे गौंटिया, अशी ती जुनी घडी होती.

१७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास आले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी आपला दरबार तेथे भरविला आणि रामटेकडीवर राममंदिर उभारले. रायपूरच्या हैहय शाखेतील शिवराजसिंहास निर्वाहासाठी गावे दिली. मराठी भाषा व मोडी लिपी याच काळात येथील दप्तरात रुळली. राजा प्रजेच्या डोळ्यांसमोर होता. गाऱ्हाणे घेऊन त्याच्या दारी जाता येत होते.

बिंबाजींनंतर व्यंकोजी भोसल्यांकडे अधिकार आला. पण ते नागपुरात राहिले आणि कारभार सुभेदारांवर सोपविला. गडांच्या जागी परगणे आले, परगण्यांवर कमाविसदार आले. वसूल नागपुरास जाई आणि सुभेदाराची नजर आपल्या मुदतीवर असे. येलू चुत्साईच्या हिशेबाचा पूर्वार्ध येथे पाळला गेला, उत्तरार्ध विसरला गेला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले.

बिंबाजींचा वारस रतनपुरातच नांदला असता तर? गौंटियांच्या संमतीने सारा ठरला असता तर? इतिहास याचे उत्तर देत नाही. परंतु दूरचा धनी आणि जवळचा राजा यांतील अंतर तो स्पष्ट दाखवितो.

रायपूरच्या मराठी समाजाचा वारसा या दोन्ही पर्वांतून आला आहे. त्यातील कमाविसदाराची वही इतिहासजमा झाली. छत्तीसगढीच्या शेजारी राहून, तिला आपली मानून टिकलेली मराठी मात्र आजही वर्गावर्गांतून ऐकू येते. विजेत्यांची म्हणून आलेली ही भाषा शेजाऱ्यांची झाली, म्हणूनच ती राज्य गेल्यावरही उरली.