नाग आमचा, पुंगी त्यांची : पडद्यावरचे साप आणि गारुडी

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या ओलिताला रात्रीची लाईन आली की अंधारात वावरात उतरतो तो मजूर. निंदणाला वाकते ती बाई. पायात धड चप्पल नसते. घोणस आणि मण्यार यांच्याशी खरी गाठ या लोकांची पडते. पण 'साप' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सिनेमातला इच्छाधारी! हे कसे घडले, याचा इतिहास तपासलाच पाहिजे.

१९१९ साली दादासाहेब फाळके यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली होती. भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळातला हा मोठा नाग पायाखाली तुडवलेला आहे, हे लक्षात घ्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत बाबासाहेब साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची साक्ष देत होते. पुढच्या जानेवारीत 'मूकनायक' निघाला. एकीकडे नागाचे मर्दन पडद्यावर, दुसरीकडे नागांचे वंशज बोलायला लागलेले!

वंशज हा शब्द आम्ही उगाच वापरत नाही. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले हे सांगताना नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले. बौद्ध परंपरेत नागराज मुचलिंद तथागतांवर फणा धरतो. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर नागराज राणीसह सन्मानाने बसलेला आहे. महाभारतात मात्र जनमेजय नागांना यज्ञात जाळतो. सिनेमाने यातली कोणती परंपरा उचलली, हे सांगायला नकोच.

१९५४ चा 'नागिन' पाहा. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. भटक्यांच्या पाठीमागचा पोलीस सुटला नव्हता, आणि पडद्यावर साप पकडणाऱ्या टोळ्यांची प्रेमकथा गाजत होती. टोळीची पोर झाली होती वैजयंतीमाला. संगीत हेमंतकुमार यांचे. गंमत म्हणजे त्यातला पुंगीचा सूर पुंगीचा नव्हताच! तो कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर आणि रवी यांनी हार्मोनियमवर काढला. गारुड्याचे वाद्यसुद्धा गारुड्याशिवाय वाजले. तोच सूर आज गावोगावच्या वरातीत वाजतो. आपली पोरेही रुमाल तोंडात धरून नागीण डान्स करतात. (करू द्या, पण पुंगी कोणाची होती हे त्यांना सांगा.) सापाला बाहेरचा कान नसतो. तो डोलतो ते पुंगीच्या हालचालीवर.

१९८६ च्या 'नगिना'त गारुडी पुरता खलनायक झाला. श्रीदेवीची नागीण हवेलीची सून होते आणि अमरीश पुरीचा भगव्या कपड्यातला भैरवनाथ पुंगी घेऊन दारात भीती म्हणून उभा राहतो. मध्यंतरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगणे गुन्हा ठरवले होते. साप वाचलेच पाहिजेत, यात आमचे दुमत नाही. पण ज्याची टोपलीच पोट होती त्याच्या पुनर्वसनाची तरतूद त्या कायद्यात कुठे आहे?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते गारुडी नव्हते, भिक्षेकरी होते. त्यांना सिनेमाने मारले असे आम्ही म्हणत नाही. अफवा मोबाईलवरची होती. पण झोळीवाला दारात दिसला की संशय घ्यायचा, ही सवय एका दिवसाची नाही, आणि पडद्याने ती कधी मोडली नाही.

सिनेमात पुंगी वाजली की चावलेला साप परत येऊन विष ओढून घेतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार सर्पदंश झालेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे गुन्हा आहे. आपल्या वस्तीवरच्या किती जणांना हे कलम ठाऊक आहे? आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस आज आहे का, हे शेवटचे कोणी आणि कधी विचारले?