‘गर्मी’ आणि तिचा अवशेष : उपचारोत्तर लक्षणांच्या इतिहासाकडे शब्दांच्या वाटेने

लैंगिक संसर्गाने जडणाऱ्या रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा रोगाचा उगम आणि औषधाचा शोध या दोन टोकांवर खिळते. उपचार संपल्यावरही रोग्याच्या अंगी जी लक्षणे रेंगाळतात, त्यांचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः अशा लक्षणांचे तीन अर्थ संभवतात : रोग उरला असणे, औषधाने अपाय केला असणे, किंवा रोग जाऊन केवळ त्याची खूण राहिली असणे. मराठीतील ‘गर्मी’ या शब्दाने हे तिन्ही अर्थ एकाच नावाखाली झाकले, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ हा रोग स्वतंत्रपणे वर्णिला. नावातच परदेशीयांशी असलेला संबंध उघड आहे. कृशता, बलक्षय, नाक बसणे, अस्थी शुष्क वा वक्र होणे हे त्याने सांगितलेले उपद्रव आज उपदंशाच्या उत्तरावस्थेशी ताडून पाहता येतात. उपचार म्हणून त्याने रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचे औषध, सांगितले. परंतु ते कणकेच्या गोळीत घालून दातांना स्पर्श न होईल अशा बेताने गिळावे, अशी सूचनाही दिली. पाऱ्याने तोंड येते, लाळ गळते, हिरड्या सुजतात, हा अनुभव या सावधगिरीमागे असावा. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथात याच रोगावरील चोपचिनीच्या मुळाची माहिती आली आहे.

शास्त्रग्रंथांत असा विवेक असला, तरी व्यवहारभाषेची वाट निराळी होती. फारसीतून आलेल्या ‘गर्मी’चा मूळ अर्थ उष्णता, मराठीत तो उपदंशाचाही वाचक झाला. ‘परमा’ हा संस्कृत ‘प्रमेहा’चा तद्भव, मूळचा अनेक मूत्रविकारांना व्यापणारा शब्द संकोच पावून पुढे पुवाळ प्रमेहावर येऊन स्थिरावला. त्यालगत ‘उन्हाळी लागणे’ आणि ‘कडकी’ हे नित्याचे शब्द आहेत. चैत्र-वैशाखात मावळातल्या शेतकऱ्याला लघवीची जळजळ झाली, तर ती उन्हाळी. मात्र पूर्वी कधी हा रोग होऊन गेला असेल, तर तीच जळजळ ‘अंगात मुरलेली गर्मी’ ठरण्यास भाषेने वाट मोकळी ठेवली होती. पाऱ्याच्या अपायाने अंगावर काही उठले, तरी तेही ‘गर्मी बाहेर पडली’ या एका वाक्प्रयोगात सामावत असे.

शासनाचा शब्दही याहून काटेकोर नव्हता. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि लोणावळे-खंडाळे मुंबई व पुण्याच्या छावणीशी जोडले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६८ साली, सांसर्गिक रोगांचा कायदा आला. तो १८८८ मध्ये रद्द झाला. या व्यवस्थेत वेश्यांची सक्तीने तपासणी होई आणि रोगी ठरलेल्या स्त्रीला लॉक हॉस्पिटलात ठेवून ‘बरी’ झाल्यावर सोडले जाई. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला आणि रक्ताची वासरमान परीक्षा १९०६ साली आली. तोवर ‘बरी’ म्हणजे डोळ्यांना व्रण न दिसणारी, एवढाच अर्थ होता. उपदंशाचा पहिला व्रण उपचारावाचूनही काही आठवड्यांत भरून येतो. तेव्हा रोग अंगात असता मुक्तता होणे, आणि निराळ्याच कारणाच्या व्रणासाठी बंदिवास भोगावा लागणे, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दाच्या संदिग्धतेत शक्य होत्या. हा भार स्त्रियांनीच वाहिला. सैनिकांना अशी सक्ती नव्हती.

पेनिसिलिनचा उपदंशावरील गुण १९४३ मध्ये सिद्ध झाला. लोणावळे-पुणे लोहमार्गावरच, पिंपरी येथे, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. औषध मावळाच्या उंबरठ्यावर आले, तरी लक्षणांचा प्रश्न संपला नाही. परम्यावर उपचार होऊनही दाह राहतो, त्याचे एक कारण क्लॅमिडियासारखा सोबतचा दुसरा जंतू, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. औषधाला न जुमानणारे जंतू, उपचार न झालेल्या जोडीदाराकडून पुन्हा होणारा संसर्ग, आणि संसर्गानंतर उद्भवणारा सांधेदाह हीही कारणे आहेत. उलट, उपदंश पूर्ण बरा झाल्यावरही रक्ताच्या काही परीक्षा बहुधा जन्मभर होकारार्थी राहतात. ती खूण असते, रोग नव्हे.

रोग्याच्या तोंडचे ‘अजून गर्मी आहे’ हे वाक्य म्हणूनच निदान नव्हे. तो एक प्रश्न आहे. नवा जंतू, जुना रोग, औषधाचा अपाय की निव्वळ खूण, हे फेरतपासणीनेच ठरते. ती न करता त्या वाक्याला होकार देणारा बऱ्या माणसाला वर्षानुवर्षे औषधे खाऊ घालतो. ते हसण्यावारी नेणारा खऱ्या रोग्याला परत पाठवतो. मराठीत ‘गुण येणे’ आणि ‘रोग समूळ जाणे’ हे दोन वेगळे प्रयोग पूर्वीपासून आहेत. वैद्यकाच्या इतिहासकाराने जुने कागद वाचताना, आणि वैद्याने रोग्याचे बोलणे ऐकताना, हा भेद मनात जागता ठेवणे अगत्याचे आहे.