फोन्सेका, आंजेलो द

(१९०२–१९६७). ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगवणारे गोमंतकीय चित्रकार. कार्यक्षेत्र मुख्यतः पुणे. जन्म तिसवाडी तालुक्यातील सांतु इश्तेव्ह (जुवें) बेटावर, कॅथलिक कुटुंबात. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत काही काळ शिकल्यावर ते शांतिनिकेतनला गेले. तेथे अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या प्रभावातून त्यांची शैली घडली.

गोव्यातील चर्चमधल्या वेद्या व उठावशिल्पे बहुतांशी स्थानिक कारागिरांनीच कोरली. संतांची चेहरेपट्टी आणि पोशाख मात्र युरोपीय नमुन्यांवरूनच घेतले जात. फोन्सेकांनी या रूढीला छेद दिला. त्यांची मारिया सावळ्या वर्णाची, साडी नेसलेली आहे. विवाहानंतर तिच्या चेहऱ्यात त्यांच्या पत्नीची छटा उतरली. देवदूताचा संदेश, येशूजन्म, माता व बालक हे प्रसंग त्यांनी भारतीय घर-अंगणात मांडले. सौम्य जलरंग, लयदार रेषा आणि मोजका तपशील ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये होत.

ही चित्रे गोव्यातील अनेक कॅथलिकांना रुचली नाहीत. टीकेमुळे गोवा सोडून ते पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात राहू लागले. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने १९२२ मध्ये स्थापलेल्या या संघाने भारतीय राहणी व उपासनापद्धती स्वीकारली होती. एका कॅथलिक चित्रकाराला असा आधार अँग्लिकन आश्रमाने द्यावा, हे त्या काळी विरळाच. कॅथलिकांपैकी मुंबईचे इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना प्रोत्साहन दिले.

ख्रिस्ती चित्रकलेच्या भारतीयीकरणात विनायक मासोजी व अँजेला त्रिंदाद हे त्यांचे समकालीन होत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सर्व लोकसमूहांच्या कलेला चर्चमध्ये वाव दिला. फोन्सेका तोवर तीन दशकांहून अधिक काळ त्याच दिशेने काम करत होते. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.