पालोमारेसची धूळ

१७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील पालोमारेस या शेतकरी गावाच्या आकाशात एक अपघात झाला. इंधन भरून घेताना अमेरिकेचे बी-५२ बॉम्बफेकी विमान इंधनवाहू विमानावर आदळले आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. त्यांतला एक समुद्रात गेला. तो सापडायला जवळजवळ तीन महिने लागले, आणि जगाचे लक्ष त्याच्यावरच खिळले. गावकऱ्यांना मात्र धोका होता तो जमिनीवर पडलेल्यांपैकी दोन बॉम्बचा. त्यांतली साधी स्फोटके फुटली. अणुस्फोट झाला नाही, पण आतल्या प्लुटोनियमची पूड शेतांवर पसरली.

प्लुटोनियममधून निघणारा अल्फा कण हवेत चारेक सेंटिमीटर जातो. साधा कागद त्याला अडवतो, त्वचेचा मृत थरही अडवतो. मग भीती कशाची? श्वासाची. धुळीचा सूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसला, की मध्ये अडवणारे काही उरत नाही.

म्हणून माती तपासून भागत नाही. मातीतले किती हवेत उडते, हा खरा प्रश्न. त्यासाठी एक गुणक वापरतात : एक घनमीटर हवेतील किरणोत्सर्ग भागिले एक चौरस मीटर जमिनीवरील किरणोत्सर्ग. समजा, जमिनीवर दर चौरस मीटरला १,००,००० बेकरेल आहेत आणि गुणक दहा कोटींत एक आहे. म्हणजे हवेत ०.००१ बेकरेल. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे २० घनमीटर हवा घेतो. वर्षाला सात बेकरेल झाले, मात्रा सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट. नैसर्गिक मात्रेपुढे (जगाची सरासरी २.४) ही किरकोळच. पण गुणक दहा लाखांत एक धरा, उत्तर शंभरपट होते! माती तीच, फरक वारा, ओलावा, नांगर आणि कण पडून किती काळ लोटला याचा. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

पालोमारेसमध्ये सर्वांत दूषित माती खरवडून सुमारे १,४०० टन पिंपांत भरून अमेरिकेला नेली. कमी दूषित जमीन नांगरून माती खालीवर केली. त्याने वरच्या थरातले प्रमाण घटले, पण प्लुटोनियम तिथेच राहिले, आणि त्याचे अर्धायुष्य २४,१०० वर्षांचे. पुढे बागायत वाढली, जमिनी पुन्हा उकरल्या जाऊ लागल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात नव्याने पाहणी झाली, ती अमेरिशियमच्या गॅमा किरणांवरून. प्लुटोनियमच्याच एका समस्थानिकातून ते दरम्यान तयार होत गेले होते. सुमारे ५०,००० घनमीटर माती अजून दूषित निघाली. काही जमिनींना कुंपण घातले गेले. ती माती हलवण्याच्या इराद्याच्या कागदावर दोन्ही देशांनी सह्या केल्या, त्या २०१५ मध्ये.