टाकीतली गाळणी

घरी बांधलेल्या हलक्या विमानात पेट्रोल सहसा दोनदा गाळले जाते. पहिली, बोटाच्या आकाराची गाळणी टाकीच्या निकासावर असते. दुसरी गॅस्कोलेटरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या अलीकडे इंधनमार्गाच्या सर्वांत खालच्या जागी बसवलेल्या वाटीत. दोघींची कामे निरनिराळी आहेत, आणि माझ्या मते हौशी बांधकामातला घोळ हा फरक न ओळखल्यानेच सुरू होतो.

टाकीतली जाळी भरड हवी. २०१७पूर्वीच्या अमेरिकी विमानन नियमांत, भाग २३ मध्ये, पिस्टन इंजिनांसाठी इंचाला ८ ते १६ घरांची जाळी सांगितली होती. १६ घरांच्या जाळीत मोहरी अडकेल, रवा आरपार जाईल. हा नियम कारखान्यात बनणाऱ्या विमानांचा; हौशी बांधकामाला तो बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार तिथेही तितकाच लागू पडतो. टाकीतल्या जाळीने सीलंटचा तुकडा, रिव्हेटचा अवशेष असा मोठा ऐवज अडवायचा. बारीक धूळ आणि पाणी गॅस्कोलेटरसाठी सोडायचे, कारण तो रोज उघडून रिता करता येतो. जाळी जितकी बारीक तितके विमान सुरक्षित, हा समज घातक आहे. बारीक जाळी धुळीने आणि थंडीत बर्फाच्या कणांनी तुंबते, आणि हवेत असताना ती साफ करता येत नाही. पंख खाली असलेल्या विमानात पंप इंधन ओढून घेतो. तिथे अडथळ्यामुळे पंपाच्या अलीकडचा दाब उतरतो आणि उन्हाळ्यात नळीतच इंधनाची वाफ होते.

जाळीच्या घरांइतकेच तिचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. मोकळी जागा नळीच्या छेदाच्या किमान पाचपट असावी, असे तोच नियम सांगत होता. ३/८ इंची ॲल्युमिनियम नळी आतून सुमारे ७.७५ मिमी असते, म्हणजे छेद ४७ चौरस मिमी आणि गरज २३५ची. १३ मिमी व्यासाच्या, ५० मिमी लांब गाळणीचा वेढा सुमारे २००० चौरस मिमी भरतो. त्यातला निम्मा तारेत गेला तरी गरजेच्या चौपट जागा उरते. उलट नळीच्या तोंडावर सपाट जाळी ताणली, तर मोकळी जागा नळीहूनही कमी होते आणि नखाएवढा एक पापुद्रा इंजिन बंद पाडू शकतो.

गाळणी तळापासून किंचित वर बसवावी, म्हणजे पाणी तिच्याखाली साचेल. विमानाचे पेट्रोल पाण्याच्या सुमारे ०.७२ पट जड, म्हणून पाणी तळ गाठतेच. पण तळ कुठला? शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे राहते. त्यात पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाते. निचऱ्याची झडप तिथेच हवी, कागदावर सपाट काढलेल्या आराखड्यातल्या तळाशी नव्हे. गाळणीच्या आट्यांना इंधनात न विरघळणारे वंगण लावावे, टेफ्लॉन टेप कधीही नको. तिचे धागे सुटून पुढे कार्बोरेटरपर्यंत जातात. गाळणी बाहेरून पान्याने काढता आली पाहिजे. सीलंटमध्ये कायमची पुरलेली गाळणी कुणीच तपासत नाही.

पहिल्या उड्डाणाआधी नाक चढाईच्या कोनात उचलून प्रवाह मोजावा. इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी ५० लिटर पीत असेल, तर गुरुत्वाने येणारा प्रवाह ७५ लिटर हवा, म्हणजे दीडपट. पंपाने येणारा सव्वापट.

नव्या टाकीतून सुरुवातीला बांधकामाचा कचरा निघतो, म्हणून पहिल्या काही तासांत गाळणी वारंवार काढावी, नंतर दर बारा महिन्यांच्या तपासणीत. जाळीचा डाख सुटलेला नाही ना, हे भिंगाखाली पाहावे. निघालेला गाळ धुऊन टाकण्याआधी पांढऱ्या फडक्यावर पसरावा. चकाकणारा किस बांधकामातला, काळा चुरा म्हाताऱ्या रबरी नळीचा, तांबूस कण गंजलेल्या डब्यातून आलेले. पांढरी भुकटी निघाली तर ॲल्युमिनियमच्या टाकीत पाणी मुरून राहिले आहे. अशा वेळी गाळणी धुऊन परत बसवण्याआधी टाकीच्या झाकणाचे रबरी कडे बदलावे आणि पावसाचे पाणी तिथूनच आत येत होते का, हे झाकणावर पाणी ओतून पाहावे.